‘कृष्णाकाठ’ जिथे थांबते

यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. पुस्तकातली हकीकत १९१३ साली देवराष्ट्रे गावी झालेल्या जन्मापासून सुरू होते. १९४६ साली मुंबई सरकारात संसदीय चिटणीस म्हणून रुजू होण्यासाठी ते कराड सोडतात, तिथे ती संपते. म्हणजे ३३ वर्षे पुस्तकात आली आणि ३८ वर्षे बाहेर राहिली. जी बाहेर राहिली त्यांत आधी द्विभाषिक मुंबई राज्याचे व मग महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद, केंद्रातील संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चार खाती, काही महिन्यांचे उपपंतप्रधानपद आणि आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद एवढे सगळे आहे. त्यांच्याविषयीचे सगळे मोठे वादही त्याच ३८ वर्षांतले आहेत.

आत्मचरित्राचे तीन भाग करावेत, पहिला कृष्णेकाठचा, दुसरा मुंबईच्या सागराकाठचा आणि तिसरा दिल्लीच्या यमुनेकाठचा, अशी त्यांची योजना होती. मृत्यूने ती मोडली. त्यामुळे या पुस्तकावर लिहिणारे बहुधा दोन गटांत पडतात. एक गट त्यातल्या निर्मळ निवेदनाचे कौतुक करतो आणि पुढचे भाग झाले नाहीत म्हणून हळहळतो. दुसरा गट म्हणतो, अडचणीचे जे होते ते नेमके वगळले गेले, आता त्यात वाचायचे काय? दोन्ही गट एक गोष्ट धरून चालतात, ती ही की पुढच्या राजकारणाविषयी ‘कृष्णाकाठ’ काही सांगत नाही.

मला हे गृहीतच मान्य नाही. ‘कृष्णाकाठ’ राजकीय पुस्तक म्हणून वाचले तर यशवंतराव पेचात सापडल्यावर निर्णय कसा घेत, त्याची रीत त्यात जागोजाग दिसते. तीच रीत त्यांनी पुढे मुंबईत आणि दिल्लीत चालवली. तिचे यश आणि तिचे अपयश दोन्ही पुढच्या वादांत दिसतात. आणि हे एकदा ध्यानात आले की पुस्तक जिथे थांबते ती जागा अधिकच खटकू लागते.

घरातला पेच

यशवंतरावांचे वडील कोर्टात बेलिफ होते. प्लेगात ते गेले तेव्हा यशवंतराव अगदी लहान होते. आई विठाबाईंनी घर सावरले. थोरल्या भावांपैकी गणपतरावांवर ब्राह्मणेतर चळवळीचा प्रभाव होता. सातारा जिल्ह्यात त्या काळी हा प्रवाह जोरात होता आणि काँग्रेसकडे तो संशयाने पाहत असे. धाकटा भाऊ मात्र कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत काँग्रेसकडे ओढला गेला. एकाच घरातला हा पेच पुस्तकात फार सौम्यपणे येतो. बहुजन समाजाची बाजू यशवंतराव सोडत नाहीत, पण ती बाजू केवळ ब्राह्मणद्वेषावर उभी राहू शकत नाही, असेही त्यांना वाटते. काँग्रेस भटाशेटजींची हा आक्षेप ते झटकून टाकत नाहीत. त्यावर त्यांचा उपाय एवढाच की आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या पोरांनी त्या काँग्रेसमध्ये शिरावे.

हा पहिला निर्णय मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. दोन बाजूंपैकी खरी कोणती, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. कोणत्या ठिकाणी उभे राहिले असता दोन्ही बाजूंच्या माणसांशी संबंध टिकतील आणि काम करता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. शाळेत गुरुजींनी मुलांना विचारले, तुम्ही पुढे कोण होणार? इतरांनी थोर पुरुषांची नावे लिहिली आणि या मुलाने स्वतःचेच नाव लिहिले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिचा अर्थ आत्मविश्वास असा लावला जातो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कोणा एकाचा पुरता अनुयायी न होण्याची वृत्ती तिथेच आहे.

दुसरा पेच रॉयवादाचा. १९३२ साली यशवंतरावांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात आचार्य भागवतांसारख्यांच्या सहवासात त्यांचे वाचन वाढले, समाजवादाची ओळख झाली आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी त्यांना खेचून घेतले. १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत आत्माराम पाटील यांना काँग्रेसची उमेदवारी मिळावी म्हणून त्यांनी जी धावपळ केली तिच्यामागे शेतकरी तरुणांनी काँग्रेस ताब्यात घ्यावी हाच विचार होता. पण दुसरे महायुद्ध सुरू झाले, फॅसिझमविरुद्धच्या युद्धात इंग्रजांना साथ द्यावी अशी भूमिका रॉय यांनी घेतली, आणि यशवंतराव त्यांच्यापासून दूर झाले. हा दुरावा ते कसा सांगतात ते पाहण्याजोगे आहे. रॉय यांची मीमांसा खोटी आहे असे सिद्ध करण्याच्या खटपटीत ते पडत नाहीत. त्यांच्या विचाराचा आदर तसाच राहतो. तुटते ते एवढ्यासाठी की सातारा जिल्ह्यातला सामान्य माणूस त्या वाटेने येणार नाही आणि आपल्याला त्या माणसाला सोडून जाता येणार नाही.

या रीतीला कोणी संधिसाधूपणा म्हणेल. ‘कृष्णाकाठ’च्या मर्यादेत तरी तो आरोप टिकत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. त्या काळात अशा निर्णयांची किंमत ते स्वतः मोजत होते. १९४२च्या जूनमध्ये लग्न झाले आणि ऑगस्टमध्ये ते भूमिगत झाले. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला पोलिसांनी वेणूताईंना पकडून नेले. पुढे वेणूताई आजारी पडल्या, त्यांना भेटायला यशवंतराव फलटणला गेले आणि तिथे त्यांनाच अटक झाली. जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार आकार घेत होते त्यातला बराच काळ ते तुरुंगात होते. वकिली बसली ती बसली, घरात ओढगस्त आली. माणूस चुकला असेल तर त्याने स्वतःच्या खर्चाने चूक केली. पुस्तकाच्या निर्मळपणाचे रहस्य मला इथे वाटते.

फलटणला पुन्हा

१९४६नंतर किंमत मोजणारी माणसे बदलली.

सुरुवातीलाच शेतकरी कामगार पक्षाचा प्रश्न आला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखी माणसे काँग्रेसमधून बाहेर पडली. यशवंतरावांचा सामाजिक पिंड त्यांच्याच जवळचा होता, तरी ते काँग्रेसमध्येच थांबले. घरातल्या पेचाच्या वेळचेच उत्तर त्यांनी इथे दिले. पुढच्या घटना पाहता ते व्यवहारात बरोबर ठरले असे म्हणावे लागते, कारण जेधे आणि मोरे दोघेही कालांतराने काँग्रेसमध्ये परतले.

खरी कसोटी १९५५ साली लागली. राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भ वेगळा ठेवून मुंबई, गुजरात व उर्वरित मराठी मुलुखाचे द्विभाषिक राज्य सुचवले. महाराष्ट्र खवळला. त्या डिसेंबरात फलटण इथे यशवंतरावांनी जाहीर केले की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून निवड करायची झाली तर आपण नेहरूंना श्रेष्ठ मानू. शंकरराव देव यांच्या नेतृत्वावर आपला विश्वास नाही, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकले. ज्या गावी १२ वर्षांपूर्वी हातात बेड्या पडल्या होत्या त्याच गावी उच्चारलेले हे वाक्य त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. जानेवारी १९५६मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केले आणि मुंबईत गोळीबार झाले. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते आणि यशवंतराव त्यांच्या मंत्रिमंडळात होते. हुतात्म्यांची संख्या १०५ म्हणून मराठी मनात कोरली गेली. केंद्रातले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख राजीनामा देऊन बाहेर पडले आणि गोळीबाराच्या चौकशीचा आग्रहही त्यांनी धरला. यशवंतराव आत राहिले.

त्यांची रीत तीच होती. पण या वेळी यशवंतरावांनी जो पर्याय निवडला त्याची किंमत त्यांच्या घराने मोजली नाही. ती गिरणगावातल्या आणि गिरगावातल्या घरांनी मोजली. ते गोळीबार यशवंतरावांनी घडवले असे कोणी म्हणणार नाही, आणि माझेही तसे म्हणणे नाही. मुद्दा निवेदनाचा आहे. जो माणूस १९३९-४०चे द्वंद्व एवढ्या बारकाईने सांगतो, तो १९५५-५६चे द्वंद्व कसे सांगेल याची उत्सुकता वाचकाला असणार, आणि ती नुसती कुतूहलापोटी नाही. ‘कृष्णाकाठ’ने जी कसोटी शिकवली, म्हणजे आपल्या माणसाला सोडून जायचे नाही, तिला फलटणच्या वाक्याने तडा गेला होता. तो कसा सांधला गेला हे त्यांनीच सांगायला हवे होते.

आतून आणि बाहेरून

समर्थक म्हणतात, सांधला गेला तो १ मे १९६०ला. यशवंतराव नोव्हेंबर १९५६मध्ये द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब हिरे यांच्यासारखा प्रतिस्पर्धी मागे पडला तो द्विभाषिकाला मिळालेल्या गुजराती व इतर मतांमुळे, असे तेव्हा बोलले गेले. १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण केली आणि खुद्द कराडमध्ये मुख्यमंत्री थोडक्या मतांनी निवडून आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. समितीची प्रचंड निदर्शने झाली आणि कार्यक्रमही पार पडला. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ रोज तोफा डागत होता. हे सारे सोसून यशवंतरावांनी दिल्लीला पटवले की द्विभाषिक चालणार नाही, इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना चाके फिरली, आणि राज्य मिळाले.

विरोधक विचारतात, समितीने १९५७ साली काँग्रेसला पाणी पाजले नसते तर यशवंतराव दिल्लीला पटवणार होते ते कशाच्या जोरावर? एस. एम. जोशी, डांगे, अत्रे यांनी रस्त्यावर जे उभे केले त्याचा कलश दुसऱ्याने मिरवला.

या भांडणाला ६० वर्षांहून अधिक काळ झाला. लालजी पेंडशांचे ‘महाराष्ट्राचे महामंथन’ आणि एसेमांचे ‘मी एस. एम.’ वाचले की रस्त्यावरची बाजू कळते. रामभाऊ जोशींचे ‘इतिहासाचे एक पान’ वाचले की यशवंतरावांची बाजू कळते, पण ती चरित्रकाराच्या तोंडून. रस्त्यावरच्या दडपणाशिवाय आतल्या मध्यस्थीला वजन आले नसते, आणि आतल्या मध्यस्थाशिवाय दडपणाला दिल्लीत वाट मिळाली नसती, एवढे कोणीही तटस्थपणे म्हणू शकेल. पण दोहोंचे प्रमाण काय होते? नेहरूंशी कोणत्या बैठकीत काय बोलणे झाले, बेळगाव-कारवारचा आणि डांगचा प्रश्न कोणत्या टप्प्यावर मागे पडला, कशाच्या बदल्यात काय सोडले? हे ठाऊक असलेला मुख्य माणूस एकच होता. सागराकाठचा भाग लिहिला गेला नाही तेव्हा या वादातला एक साक्षीदारच कमी झाला.

मुख्यमंत्री म्हणून जे झाले त्याविषयी मात्र वादाला फारशी जागा नाही. महार वतनांचे उच्चाटन, मराठवाडा विद्यापीठ, कमाल जमीनधारणेचा कायदा, जिल्हा परिषद व पंचायत समित्यांचा १९६१चा कायदा, आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांची फीमाफी, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखालील साहित्य संस्कृती मंडळ, ही यादी मोठी आहे. या कामांत ‘कृष्णाकाठ’मधला सातारचा मुलगा स्पष्ट दिसतो. जिल्हा परिषदांमुळे ग्रामीण पुढाऱ्यांची एक पिढी तयार झाली. तिच्यातून लोकशाही किती खोल गेली आणि घराणी किती वर आली याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. पण सत्तेत राहिल्याने कामे होतात, या त्यांच्या युक्तिवादाला इथे पुरावा आहे.

दिल्लीतली पहिली वर्षे

चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तो २१ नोव्हेंबर १९६२चा दिवस, आणि त्याच दिवशी यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून सूत्रे घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे वाक्य आपण इतके घोकले की त्यापुढचे काम काय होते ते विसरलो. पराभूत सैन्याचा विश्वास परत मिळवणे, कृष्ण मेनन यांच्या काळात सेनाधिकाऱ्यांत पडलेली फळी सांधणे आणि तरीही पराभवाची चौकशी करणे, ही तीन कामे एकमेकांच्या आड येणारी होती. हेंडरसन ब्रूक्स अहवालाविषयी सप्टेंबर १९६३मध्ये लोकसभेत त्यांनी जे निवेदन केले त्यात प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्व यांतल्या उणिवा मान्य केल्या, पण अहवाल बाहेर येऊ दिला नाही. सरकारने तो आजवर प्रसिद्ध केलेला नाही. सैन्याचे मनोधैर्य सांभाळायला ते कदाचित आवश्यक होते. पण न बोलण्याची सवय राज्यकर्त्याला कशी लागते, याचेही हे उदाहरण आहे.

१ सप्टेंबर १९६५ला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. सेनाप्रमुख जनरल चौधुरी आणि हवाईदल प्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले, आणि विमाने वापरण्याची परवानगी यशवंतरावांनी तिथल्या तिथे दिली. कुंपणावरचा म्हणून ज्यांची टिंगल होते त्यांनी आयुष्यातला बहुधा सर्वांत जोखमीचा निर्णय फारसा वेळ न लावता घेतला. त्या युद्धाच्या दिवसांत त्यांनी रोजनिशी ठेवली होती. ती त्यांचे स्वीय सचिव राहिलेले राम प्रधान यांनी संपादित करून २००७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली. म्हणजे घटनेनंतर ४२ वर्षांनी आणि लेखकाच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

ही रोजनिशी ‘कृष्णाकाठ’शेजारी ठेवून वाचावी. त्यातून एक गोष्ट कळते. सत्तेत असताना आपल्याला लिहिता येत नाही अशी यशवंतरावांची अडचण नव्हती. ते टिपणे ठेवत, माणसांची पारख नोंदवत, परदेशातून वेणूताईंना सविस्तर पत्रे लिहीत. ‘ऋणानुबंध’सारखे ललित लेखनाचे पुस्तक तर मंत्रिपदाच्या धामधुमीत झाले. त्यांची लेखणी व्यक्तींवर, आठवणींवर, प्रवासावर मोकळी चालते. आपल्या वादग्रस्त निर्णयांपाशी आली की ती वळसा घालते.

कराडचे संमेलन

१९६९ साली बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने यशवंतरावांनी मत दिले. इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध होते ते. नंतर दोन गटांत तडजोड व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली आणि पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. दोन्ही वेळा त्यांच्यापाशी कारण होते. पण ज्या बाजूविरुद्ध मत दिले त्याच बाजूला जाऊन राहिल्याने दोन्हीकडचा विश्वास गेला. इथून त्यांची रीत त्यांच्यावरच उलटू लागली. १९७० साली गृहखाते गेले, अर्थखाते आले आणि १९७४ साली तेही जाऊन परराष्ट्र खाते आले. पदे मोठीच होती, वजन कमी होत होते.

आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते. डिसेंबर १९७५मध्ये मराठी साहित्य संमेलन त्यांच्याच कराडला भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव, अध्यक्षा दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न न कचरता मांडला आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. संमेलन यशवंतरावांनी उधळू दिले नाही, यजमान म्हणून कसूर केली नाही. हे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण ज्या मंत्रिमंडळाने ती अटक शक्य केली त्या मंत्रिमंडळात ते होते आणि राहिले.

साहित्याच्या वाचकाला हा प्रसंग इतर सर्व वादांपेक्षा जवळचा आहे. यशवंतरावांचे साहित्यप्रेम देखाव्याचे नव्हते. ते खरे वाचक होते, लेखकांत रमत. म्हणूनच प्रश्न टोकदार होतो. लेखकांचा सन्मान करणाऱ्या राज्यकर्त्याने लेखकाच्या स्वातंत्र्याचे काय केले? १९३२ साली झेंड्यासाठी तुरुंगात गेलेल्या मुलाने १९७५च्या तुरुंगांकडे पाहून मनात काय म्हटले असेल? ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली आले, म्हणजे हे सगळे घडून गेल्यावर ते लिहिले गेले. तुरुंगाची प्रकरणे लिहिताना लेखकाला हा दुसरा काळ आठवला नसेल असे मानणे कठीण आहे. पानांवर मात्र त्याची सावली पडू दिलेली नाही. पुस्तकाचा हा संयम काही ठिकाणी मला मोठा वाटतो, काही ठिकाणी सोयीचा वाटतो.

१९७९ आणि परतीची वाट

१९७७च्या पराभवानंतर ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. जानेवारी १९७८मध्ये इंदिरा गांधींनी वेगळा पक्ष काढला तेव्हा ते त्यांच्याबरोबर गेले नाहीत. जुलै १९७९मध्ये मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव त्यांनी आणला आणि जनता पक्ष आतून फुटत असल्यामुळे ते सरकार गेले. राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी सरकार बनवण्यासाठी आधी यशवंतरावांनाच पाचारण केले. बेरीज जमली नाही. मग ते चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. इंदिरा गांधींनी पाठिंबा काढला आणि लोकसभेला सामोरे न जाताच ते सरकार ऑगस्टमध्ये कोसळले.

१९४६चा संसदीय चिटणीस ज्या मोरारजींच्या हाताखाली काम शिकला त्यांचे सरकार पाडायला तोच कारण झाला, असे नाट्यमय चित्र रंगवता येईल. मला त्यापेक्षा साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. या वेळी ‘काम करता यावे म्हणून’ हे कारणही उरले नव्हते. चरणसिंगांच्या सरकारात कोणते काम होणार होते? मधल्या जागेवर उभे राहण्याची त्यांची रीत होती, आणि १९७९ साली दिल्लीत मधली जागाच शिल्लक नव्हती. १९८०च्या लाटेतही साताऱ्याने त्यांना निवडून दिले. त्या मतदाराने आपल्या माणसाला सोडले नाही. १९८१ साली ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले, तेही काही काळ दारात ताटकळल्यावर. पुढे वित्त आयोगाचे काम मिळाले. १ जून १९८३ला वेणूताई गेल्या आणि त्यानंतर वर्षभरात ‘कृष्णाकाठ’ वाचकांच्या हाती आले.

हिशेब

एवढे मागे-पुढे पाहिल्यावर माझे मत असे होते. यशवंतरावांना गद्दार ठरवणारे आणि द्रष्टे ठरवणारे दोघेही त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे करतात, आणि तुकडा कुठे पाडायचा एवढ्यावर भांडतात. ‘कृष्णाकाठ’ वाचले तर तुकडे पाडता येत नाहीत. रॉय यांना सोडणारा, जेध्यांबरोबर न जाणारा, फलटणला नेहरूंना निवडणारा, बंगळूरला मत देऊन मग फिरणारा आणि आणीबाणीत गप्प राहणारा माणूस एकच आहे. त्याचा गुण तोच त्याचा दोष आहे. तो गुण १९६० आणि १९६५ साली देशाच्या आणि राज्याच्या उपयोगी पडला. १९७५ आणि १९७९ साली तो कोणाच्याच उपयोगी पडला नाही.

पण हे मत बाहेरून बांधलेले आहे, आणि पुस्तकाविषयीची खरी तक्रार इथेच आहे. राजकीय नेत्याचे आत्मचरित्र म्हणजे जनतेला दिलेला जबाब असतो. अधिकार नव्हता त्या काळाचा जबाब यशवंतरावांनी उत्तम दिला, आणि तो द्यायला त्यांना कोणी भाग पाडलेले नव्हते. अधिकार हाती आला, दुसऱ्यांनी किंमत मोजायला सुरुवात केली, आणि जबाब देणे बंधनकारक झाले, त्याच वर्षाशी पुस्तक संपते. आयुष्याने वेळ दिला नाही हे कबूल. तरीही आयुष्याच्या अखेरीस, हाती थोडा वेळ असताना, कुठून सुरुवात करावी हा पर्याय त्यांच्याकडे होता. त्यांनी आईपासून आणि कृष्णेपासून सुरुवात केली. माणूस म्हणून ते समजण्यासारखे आहे. राज्यकर्ता म्हणून त्याने देणे बाकी ठेवले.

ते देणे आता त्यांच्या कागदपत्रांतून जेवढे वसूल होईल तेवढेच. रोजनिशी बाहेर आली तशी मुख्यमंत्रिपदाच्या काळातली टिपणे, नेहरूंशी आणि इंदिरा गांधींशी झालेला पत्रव्यवहार, जिथे जे असेल ते मराठीत, पूर्ण आणि टीपांसह छापले जावे. जन्मशताब्दीही होऊन गेली. नावाचे सभागृह झाले, मुक्त विद्यापीठ झाले, पुरस्कार झाले, दरवर्षी १२ मार्चला आणि २५ नोव्हेंबरला प्रीतिसंगमावर फुले वाहिली जातात. फुले वाहणाऱ्यांत प्रत्येक पक्षाचे लोक असतात, आणि हेही त्यांच्या रीतीचेच फळ म्हणायचे. त्यांतल्या कोणालाही यशवंतरावांची अडचण होत नाही. त्यांनी सागराकाठचा आणि यमुनेकाठचा भाग लिहिला असता तर कदाचित झाली असती.